दारासमोर बसून शिकलेलं

महाबळेश्वरच्या डोंगरात सातेरी माशीच्या पेट्या सांभाळायला लागून बरीच वर्षं झाली. आमच्या तालुक्यातलं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून नव्याने पेटी घेतलेल्यांचे फोन जास्त येतात. मध किती निघेल हे फार थोडे विचारतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "दादा, पेटीबाहेर माश्या काहीतरी वेगळंच करतायत, काय झालं असेल?" आणि तोवर एक हात पेटीच्या झाकणावर गेलेला असतो. तो हात काढून घ्या, हे माझं पहिलं सांगणं.

सातेरीला सारखं उघडलेलं खपत नाही. मेलीफेरा ही परदेशी माशी आठवड्याला पेटी उघडली तरी नांदते. सातेरी कंटाळली की घर सोडून जाते. त्यामुळे आत काय चाललंय हे बाहेरून ओळखता येणं ही आमच्या धंद्यातली पहिली विद्या. पेटीच्या बाजूला, माश्यांची वाट न अडवता, पंधरा-वीस मिनिटं बसावं. मग पेटी मागून दोन बोटं उचलून वजन बघावं. मग दारापुढची जमीन बघावी. एवढ्यावर जे कळत नाही त्याच्यासाठीच झाकण उघडावं.

१. दुपारचं भिरभिरणं आधी ओळखा

सगळ्यात जास्त फोन याचेच. स्वच्छ ऊन असतं, दुपारचे बारा-एक वाजलेले असतात आणि एकदम शंभरेक माश्या पेटीसमोर घोंघावायला लागतात. त्या लांब जात नाहीत. तोंड पेटीकडे ठेवून डावी-उजवीकडे झुलत राहतात, मग हळूहळू मोठाले फेरे घेत वर चढतात. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं शांत होतं.

या नव्या कामकरी माश्या. जन्मल्यावर पहिले दोन-तीन आठवडे त्यांचं काम घरातच असतं: साफसफाई, पिलाव्याला (वाढणाऱ्या पिल्लांना) भरवणं, मेण पाडून पोळं बांधणं. बाहेर चरायला जायच्या आधी त्या घराची जागा नजरेत साठवतात. पेटी, तिच्यामागचं झाड, शेजारची भिंत, सूर्य कुठे आहे, सगळं. म्हणूनच त्यांची पाठ पेटीकडे नसते, तोंड असतं. चार-पाच दिवसांच्या झडीनंतर पहिली उघडीप मिळाली की हाच प्रकार दुप्पट-तिप्पट मोठा दिसतो.

पेट्या जवळजवळ ठेवल्या असतील तर दारांना वेगळे रंग द्यावेत. माशीला निळा, पिवळा, पांढरा ओळखता येतो, लाल मात्र काळ्यासारखाच दिसतो. रंगीत पेट्या लावून माश्या आपलं घर कसं शोधतात हे कार्ल फॉन फ्रिश यांनी दाखवलं होतं. माशीचा नाच उलगडणारे तेच शास्त्रज्ञ, १९७३ चं नोबेल मिळालेले. आमच्याकडे अजूनही सगळ्या पेट्या एकाच डब्यातल्या रंगाने रंगवतात आणि मग माश्या शेजारच्या पेटीत शिरल्या की नवल करतात.

याच वेळेला नरही बाहेर पडतात. त्यांचा आवाज जाड. सातेरीचा नर काळा, डोळे डोक्यावर भिडलेले, नांगी नाही. त्याला घाबरायचं काहीच कारण नाही.

२. भांडण दिसलं तर ती लूट समजा, आणि घाई करा

भिरभिरणं आणि लूट लांबून सारखीच दिसते, पण जवळून अजिबात नाही. लुटारू माशी दारातून सरळ आत जात नाही. मागचे पाय लोंबते ठेवून ती झोके घेते, झाकणाच्या कडेला, पेटीच्या सांध्याला, प्रत्येक फटीला तोंड लावून बघते. रखवालदार माश्या तिला धरतात. दोघी गुंतून फळीवरून खाली पडतात आणि गवतात गोल फिरत राहतात. अशी जोडी उचलून नीट बघा. लुटारू बऱ्याचदा काळीभोर आणि चकचकीत असते, कारण फटींतून घुसताना आणि झटापटीत अंगावरचे केस झडलेले असतात. बाहेर पडणारी माशी जड असते, ती पेटीच्या भिंतीवर थोडी चढते आणि मग उडते. कामावरून परतणारी माशी येताना जड असते, लुटारू जाताना जड असते, हे लक्षात ठेवलं की चूक होत नाही.

आणि वेळ. भिरभिरणं अर्ध्या तासात संपतं. लूट दिवस मावळेपर्यंत वाढतच जाते.

लुटीचे दिवस म्हणजे टंचाईचे दिवस. आमच्याकडे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये. त्या काळात फुलं धुऊन जातात, आणि ज्या पेटीत माश्या कमी तिच्यावर बाकीच्यांची नजर जाते. पण खरं कारण पुष्कळदा माणूसच असतो. दिवसाउजेडी साखरेचा पाक दिला, चार थेंब पेटीवर सांडले, मध काढून ओल्या चौकटी उघड्यावर ठेवल्या, की वास सुटतो. घाटाखाली फुलोऱ्यासाठी मेलीफेराच्या पेट्या ट्रकने आणून लावतात, तेव्हा त्यांच्या जवळ असलेल्या सातेरीच्या पेट्यांना विशेष धोका असतो. ती माशी मोठी, तिची संख्याही मोठी.

अशा वेळी पेटी उघडायची नाही, उघडली की वास आणखी पसरतो. दार एखाद-दुसरी माशी जाईल एवढंच ठेवायचं, फटी चिकणमातीने लिंपायच्या, पेटीवर ओलं फडकं टाकायचं. फार वाढलं असेल तर संध्याकाळी सगळ्या आत आल्यावर पेटी दूरच्या जागी हलवायची. आपल्याच पेट्यांपैकी कोण लुटतंय हे बघायचं असेल तर लुटल्या जाणाऱ्या पेटीतून बाहेर पडणाऱ्या माश्यांवर चिमूटभर गव्हाचं पीठ भुरभुरवा. पांढऱ्या झालेल्या माश्या ज्या पेटीत शिरतील ती चोर. पाक नेहमी दिवस मावळल्यावर, पेटीच्या आत आणि सकाळपर्यंत संपेल एवढाच द्यावा.

३. दारावरचा घोस उन्हाचा का गर्दीचा

एप्रिल-मेच्या दुपारी पेटीच्या तोंडावर माश्यांचा घोस लटकतो. पिलाव्याच्या जागी ३३ ते ३५ अंश तापमान राखावं लागतं. त्याच्या वर गेलं की माश्या स्वतः बाहेर येऊन आत हवा मोकळी करतात. शिवाय दारात रांग लावून पंख मारतात. इथे सातेरीची एक खासियत बघण्यासारखी आहे. ती तोंड बाहेरच्या दिशेला करून पंख मारते, म्हणजे बाहेरची हवा आत ढकलते. मेलीफेरा तोंड दाराकडे करून उभी राहते आणि आतली हवा बाहेर काढते. मेलीफेराची पुस्तकं वाचून आलेले लोक सातेरीच्या दारात उलट्या उभ्या माश्या बघतात आणि काहीतरी बिघडलंय म्हणतात. काही बिघडलेलं नसतं.

फुलोऱ्याच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत पंखांचा आवाज येत असेल आणि दारातून मधाचा वास येत असेल तर आनंद माना. आलेल्या मकरंदातलं पाणी उडवण्याचं काम चाललेलं असतं.

घोस संध्याकाळी गारवा पडला की आत जात असेल तर तो उन्हाचा. सावली करा, मधकोठी (पेटीचा मधासाठीचा वरचा मजला) चढवा. थंड सकाळीही तो तसाच लटकून असेल आणि चरायला जाणाऱ्या माश्या कमी झाल्या असतील, तर पुढचा मुद्दा वाचा.

४. जमिनीवरच्या टोप्या शोधा

ही खूण मला फार आवडते, कारण ती झाकण न उघडता, थवा निघायच्या दोन-तीन आठवडे आधी, सगळं सांगून टाकते. सातेरीच्या नराचं कोष्ठ बंद होतं तेव्हा त्यावर एक कडक, उंचवट्याची टोपी तयार होते आणि तिच्या बरोबर मधोमध सुईने टोचावं तसं भोक असतं. मेलीफेराच्या नराच्या कोष्ठाला असं भोक नसतं. नर बाहेर पडायला आले की या टोप्या तळपाटावर पडतात आणि सफाई करणाऱ्या माश्या त्या दाराबाहेर ढकलतात. दारापुढे फरशी किंवा पांढरा पत्रा ठेवलेला असेल तर तपकिरी, मसुरीहून लहान अशा चकत्या दिसतात. एखादी बोटावर घेऊन उजेडाकडे धरा, भोक दिसेल.

टोप्या पडायला लागल्या म्हणजे वसाहत नर वाढवतेय, म्हणजेच पाठोपाठ नव्या राणीची कोष्ठं आणि मग थवा. फुलोरा चढत असताना हे व्हायचंच. त्याच आठवड्यात रिकामी पेटी घासून-पुसून तयार ठेवावी. थव्याबरोबर जुनी राणी जाते, जवळच्या फांदीवर सगळ्या बसतात, टेहळ्या माश्या नवी जागा शोधतात. त्यात काही तास जातात, क्वचित एखाद-दोन दिवस. पोटात मध भरून निघालेल्या असल्यामुळे त्या वेळी त्या सहसा डसत नाहीत. पकडायला यासारखी वेळ नाही.

आता एक गोंधळात टाकणारा प्रकार. माश्या धो-धो बाहेर पडतात, झाडाभोवती फिरतात आणि थोड्या वेळात परत येऊन पेटीच्या तोंडावरच गोळा होतात. दाराला राणी अडवायची जाळी लावलेली असेल तर हमखास असं होतं. राणी आत अडकलेली असते. ही जाळी फार दिवस ठेवली तर नरही तिच्यात अडकून मरतात आणि दार तुंबतं. जाळी वेळ मारून नेण्यापुरती असते. वसाहतीची वाढ तिने थांबत नाही, विभाजन करूनच द्यावं लागतं.

५. बाहेर टाकलेलं पिल्लू हातात घेऊन बघा

सकाळी दारापुढे पांढऱ्या अळ्या, अर्धवट कोष दिसले की लोक हादरतात. मीही अशा वेळी हलक्यात घेत नाही. पण आधी अळी बघा, मग निष्कर्ष काढा.

अळी सुकलेली, चोखून टाकल्यासारखी असेल आणि पेटी उचलल्यावर हलकी लागत असेल, तर उपासमार आहे. पावसाळ्यात पाक संपला, की माश्या आधी पिलाव्यातलं पोषण परत घेतात. त्याच संध्याकाळी पाक द्या, एक दिवसही थांबू नका.

कोष पूर्ण वाढलेले, डोळे जांभळट झालेले, नीट अंगाचे असतील आणि सोबत जाळीचे धागे किंवा काळी, खसखशीसारखी विष्ठा असेल, तर मेणकिडा पोळ्यात बोगदे करत फिरतोय. जुनं काळं पोळं काढून टाकायला हवं.

अळीचं कातडं शाबूत, आत पाणी भरलेलं, चिमटीत धरली तर पिशवीसारखी लोंबणारी असेल आणि डोक्याचं टोक वर वळलेलं असेल, तर मात्र काळजी करा. हा थाई सॅकब्रूड विषाणू. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात या रोगाने सातेरीच्या वसाहतींचा अक्षरशः फडशा पाडला, केरळ-कर्नाटक-तामिळनाडूतल्या हजारो मधपाळांच्या पेट्या रिकाम्या झाल्या. यावर औषध नाही. कुणी प्रतिजैविकाची पुडी देत असेल तर घेऊ नका, विषाणूवर ते चालत नाही आणि मधात मात्र उतरतं. राणीला काही दिवस पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवायची, माश्यांना पोळी साफ करायला वेळ द्यायचा, खायला भरपूर द्यायचं, रोगी पेटीच्या चौकटी दुसरीत कधीही घालायच्या नाहीत. ज्या वसाहती त्यातून वाचतात त्यांच्यापासूनच पुढचं विभाजन करायचं. महाबळेश्वरचं मध संचालनालय आणि पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था या दोन्ही ठिकाणी जाणकार माणसं आहेत, संशय आला की त्यांना विचारावं.

पावसाच्या तोंडावर कामकरी माश्या धडधाकट नरांना पंख धरून ओढत बाहेर काढताना दिसतात. हा रोग नाही. खाणारी तोंडं कमी करण्याची ती वेळ असते.

६. पेटीसमोर लाट उठली तर वर बघा

सातेरीच्या दारावर पंधरा-वीस माश्या ओळीने उभ्या, आणि सगळ्यांची पोटं एकाच वेळी झटक्याने हलतात, पुन्हा थांबतात, पुन्हा हलतात. अंगावर काटा येतो. आग्या माशीच्या पोळ्यावरून अशी लाट धावताना पुष्कळांनी पाहिलेली असते. सातेरीही ते करते. नजर वर करा, गांधीलमाशी घिरट्या घालत असते. 'तू दिसलीस' असं सांगण्याचा हा प्रकार आहे. चीनमधल्या संशोधकांनी सातेरीच्याच जातीवर हे तपासलं आणि असा इशारा मिळालेली गांधीलमाशी बऱ्याचदा माघार घेते असं त्यांना दिसलं.

तरी ती दारापर्यंत आलीच तर माश्या तिच्यावर झडप घालून गोळा करतात. त्या गोळ्याच्या आत अंग थरथरवून ४६ अंशांच्या आसपास उष्णता तयार करतात. गांधीलमाशी तेवढ्यात मरते, माश्या तगतात. जपानमध्ये मासातो ओनो यांनी हे नीट मोजून १९९५ साली 'नेचर'मध्ये मांडलं. जमिनीवर सुपारीएवढा माश्यांचा गोळा गरगरताना दिसला तर काठीने सोडवायला जाऊ नका. काम संपलं की तो आपोआप सुटतो आणि मधोमध मेलेली गांधीलमाशी सापडते.

व्हिएतनाममध्ये तर याच जातीच्या माश्या जनावरांचं शेण आणून दाराभोवती ठिपके लावतात, आणि त्याने मोठ्या गांधीलमाश्या दूर राहतात, हे २०२० साली छापून आलं. आमच्या पेट्यांवर मी असं पाहिलेलं नाही, पण आता दाराच्या कडा मी जास्त निरखून बघतो.

पावसाळ्यानंतर गांधीलमाश्यांचा जोर वाढतो. दार अरुंद करा, फळकुटाने मारा. रोज सतत त्रास झाला तर माश्या बाहेर पडणंच बंद करतात आणि वसाहत आतून उपाशी पडते. वेडा राघू तारेवर बसून असला तरी असंच होतं. पण त्याला मारायचं नाही. तो आपल्या रानातलाच आहे. पेटी तारेपासून दूर, झाडांच्या आडोशाला न्या.

७. रांगणाऱ्या माश्या म्हणजे फवारणी, बहुतेक वेळा

सगळ्यात वाईट दृश्य हेच. काल भरलेली पेटी, आणि आज दारापुढे सडा. काही माश्या गोल गोल रांगतायत, काही पाठीवर पडून पाय झाडतायत, बऱ्याच मेलेल्यांची जीभ बाहेर आलेली. एखादीच्या पायाला परागाची गोळी तशीच चिकटलेली असते. कामावर गेलेली माशी होती ती, म्हातारी होऊन मेलेली नव्हे. एका पेटीत रोग असू शकतो. आजूबाजूच्या सगळ्या धडधाकट पेट्यांवर एकाच दिवशी असं झालं तर विष आहे हे धरून चाला. मेलीफेराच्या पेटीत माश्या अशाच रांगत असतील पण पंख चुरगळलेले, आखूड असतील, तर तो व्हरोआ गोचिडीमुळे पसरणाऱ्या विषाणूचा प्रकार. सातेरी ही त्या गोचिडीची मूळ यजमान, ती एकमेकींच्या अंगावरून तिला काढून टाकते, म्हणून सातेरीत हे क्वचितच दिसतं.

विषबाधेला नंतर इलाज नाही. मेलेल्या माश्या झाडून पुरा, पाणी आणि पातळ पाक द्या, आत साठलेला पराग विषारी असेल तर ती चौकट काढून टाका. मूठभर ताज्या मेलेल्या माश्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि तारीख लिहा, पुढे तपासणीला लागतात.

खरा इलाज आधी करायचा असतो, आणि तो शेजारच्या शेतावर जाऊन. भांडून काही होत नाही. "काका, फवारणी करणार असाल तर आदल्या दिवशी एक फोन करा. आणि जमलं तर दिवस मावळताना मारा, सकाळी फुलावर नको," एवढं म्हटलं की बहुतेक शेतकरी ऐकतात. फूल उघडं असताना मारलेलं कीटकनाशक थेट माशीवर बसतं. पिकाला मात्र संध्याकाळच्या फवारणीने काही तोटा होत नाही. निरोप आला की रात्री दारं जाळीने बंद करून, हवा खेळती ठेवून, वर ओलं पोतं टाकून पेट्या एखादा दिवस कोंडता येतात, किंवा दूर हलवता येतात. स्ट्रॉबेरी, कांद्याचं बी, सूर्यफूल, डाळिंब अशी पिकं घेणाऱ्याला तर माशीची गरज तुमच्या-माझ्याहून जास्त आहे. हे त्याच्या बांधावर उभं राहून, शांतपणे, दर हंगामाला सांगत राहावं लागतं.

८. पिवळे ठिपके

पेटीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, गाडीच्या काचेवर मोहरीच्या रंगाचे ठिपके. ही माशीची विष्ठा, आत पचलेला पराग असतो. माश्या घरात घाण करत नाहीत, उघडीप मिळाली की बाहेर पडून पोट मोकळं करतात. आग्या माश्या तर संध्याकाळी थव्याने निघून हे करतात. १९८०च्या दशकात आग्नेय आशियात अमेरिकेला ज्या 'पिवळ्या पावसा'त रासायनिक शस्त्र दिसलं होतं, त्या ठिपक्यांत मॅथ्यू मेसेलसन आणि थॉमस सीली यांना माश्यांनी पचवलेले परागकण सापडले.

ठिपके कपड्यांवर असतील तर शेजारच्या ताईंना कपडे दुसऱ्या बाजूला वाळत घालायला सांगा. ठिपके पेटीच्या तोंडावर आणि आत चौकटींवर पडलेले असतील तर हगवण आहे. आंबलेला पाक किंवा फार दिवसांची कोंडी हे कारण शोधा.

९. पेटी हलली, दिवा लागला, पाणी आटलं

तीन लहान गोष्टी, पण फोन यांचेही खूप येतात.

पेटी दहा-वीस फूट सरकवली की परतलेल्या माश्या मोकळ्या जागी घिरट्या घालत बसतात. त्यांना पेटी समोर दिसत असली तरी त्यांच्या लेखी घर ती जागा असते. रोज फूटभर सरकवा, नाहीतर काही किलोमीटर लांब न्या.

रात्री ओसरीच्या बल्बवर माश्या येत असतील तर पेटीचं दार दिव्याकडे आहे. दार फिरवा किंवा दिवा.

उन्हाळ्यात धुण्याच्या दगडावर, नळाखाली, गोठ्यातल्या ओलाव्यावर माश्या दिसतात. त्या आजारी नसतात, पाणी आणि क्षार घ्यायला येतात. उन्हाळा लागायच्या आधीच पेटीजवळ पसरट भांड्यात पाणी ठेवा, त्यात दगड किंवा काटक्या टाका म्हणजे बुडणार नाहीत. एकदा शेजाऱ्यांच्या नळाची सवय लागली की तुमच्या भांड्याकडे त्या बघतही नाहीत.

१०. पायाला पराग दिसेनासा झाला की त्याच दिवशी कामाला लागा

इतकं सगळं सांगितलं त्यात मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण सातेरीचा मधपाळ पेट्या गमावतो त्या याच कारणाने. पेटी रिकामी झाल्यावर प्रत्येक जण म्हणतो, "काल तर सगळं ठीक होतं." तसं नसतं. सातेरी बहुतेकदा तयारी करून जाते. राणी अंडी घालणं कमी करते, मग थांबवते. आधीचा पिलावा बाहेर येईपर्यंत वसाहत थांबते. मध खाऊन संपवला जातो. मग एखाद्या स्वच्छ सकाळी, नऊ-दहाच्या सुमारास, राणीसकट सगळ्या निघून जातात. थव्यात निम्म्या माश्या मागे राहतात. इथे कुणीच राहत नाही.

पिलावा नसेल तर पराग लागत नाही, म्हणून दारावर परागाच्या गोळ्या घेऊन येणाऱ्या माश्या ही सगळ्यात विश्वासाची खूण. दुसऱ्या पेट्यांवर पिवळा, पांढरा, नारिंगी पराग येतोय आणि एकाच पेटीवर माश्या रिकाम्या पायांनी ये-जा करतायत, तर तिथे थांबा. पेटी मागून उचला. हलकी? आता झाकण उघडा, आणि अंडी आहेत का तेवढंच बघून बंद करा.

माश्या दारावर सैरभैर चालत असतील, आवाज चढलेला, कण्हल्यासारखा असेल आणि परागही थांबला असेल, तर राणी मेलेली असण्याचा संभव आहे. दुसऱ्या पेटीतून ताजी अंडी असलेली चौकट द्या, त्या नवी राणी करतील. उशीर केला तर कामकरी माश्याच अंडी घालायला लागतात, त्यातून नुसते नर होतात, आणि सातेरीत ही वेळ फार लवकर येते.

राणी आहे पण अंडी नाहीत, तर त्यांना काय टोचतंय ते शोधा. तळपाटावरचा भुसा बघा. काळसर, बारीक कुरतडलेला मेणाचा चुरा असेल तर सातेरी स्वतःच जुनं पोळं तोडतेय, तो तिचा स्वभाव आहे. फिकट, ओबडधोबड तुकडे असतील तर लूट झालीय. चुऱ्यात धागे आणि अळ्या असतील तर मेणकिडा, आणि सातेरी घर सोडते त्याचं हे फार मोठं कारण. पेटीच्या पायांना मुंग्या लागल्यात का, दुपारचं ऊन थेट पडतंय का, शेजारी कुणी पाला जाळतंय का, तेही बघा. कारण दूर करा, पाक द्या, आणि दुसऱ्या पेटीतली उघड्या पिलाव्याची एक चौकट त्यात ठेवा. भरवायला अळ्या असल्या की माश्या सहसा थांबतात. सोबत राणी अडवायची जाळी आठवडाभर लावा. नुसती जाळी लावून कारण तसंच ठेवलं तर जाळी काढायच्या दिवशी त्या जातातच.

आणि गेल्याच, तर रिकामी पेटी तशीच ठेवू नका. उरलेली पोळी त्याच दिवशी वितळवा, नाहीतर मेणकिडा तिथून बाकीच्या पेट्यांत जाईल. लाकूड खरवडून दोन दिवस कडक उन्हात ठेवा. रोगाचा संशय नसेल तर आतून थोडं मेण चोळून पेटी सावलीत, जमिनीपासून दोन फुटांवर, जांभूळ फुलायच्या आधी मांडून ठेवा. रानातले थवे त्या सुमारास जागा शोधत असतात.